राखणदार

बांबोळीला काढलेला तुकडा
काचेवर चिकटून कुडाळला आला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघा मुणगेकर, हे तुमचं.
मी आधी खिडकीबाहेर बघितलं.
रातांब्याचं झाड, खाली दोन सुमो, एक कुत्रा.
मग डोळा लावला.

गुलाबी. सगळं गुलाबी, निवळीत कोकम सांडल्यासारखं.
या मोठ्या दिसतात ना, या भक्षक पेशी.
हवेच्या पिशव्यांतून फिरत असतात दिवसरात्र,
आत येईल ते गिळतात.
म्हणजे राखणदार, मी म्हटलं.
बाई साताऱ्याकडच्या. त्यांना कळेना.

सांगितलं मग.
आमच्या वाडीला एक आहे.
दिसत नाही, काठी तेवढी ऐकू येते, सड्यावरून खाडीपर्यंत.
वर्षाला त्याला वहाणा ठेवायच्या.
पुढच्या वर्षी बघावं तर टाचा झिजलेल्या.
बाई हसल्या नाहीत.
किती वर्षं होता चाळणीवर, एवढंच विचारलं.

अकरा.
वाळू पांढरी, साखरेसारखी, काचेच्या कारखान्याला जाणारी.
चाळणीच्या या अंगाला मी, त्या अंगाला अंतोन,
तोंडाला पंचे,
मधल्या धुरळ्यात एकमेकांना खोकल्यावरून ओळखायचो.
जाड वाळू दातांत कचकचते, ती थुंकता येते.
मऊ असते तिचं काही कळत नाही.
ती आत जाऊन बसते.

गिळली त्यांनी. त्यांचं कामच ते.
पण काच पचते कुणाला?
राखणदार आतून फाटला.
कण बाहेर पडला तसाच,
नुकता धुतल्यासारखा लखलखीत.
दुसरा आला. त्याने तोच गिळला.
तोही गेला.
एका कणावर किती मेले, मी विचारलं.
बाई म्हणाल्या, तसं कोणी मोजत नाही.

मरता मरता हाळी घालतात म्हणे:
धावा, इथे फाटलंय!
मग विणणाऱ्या पेशी येतात, दोरा घेऊन.

माझा मेव्हणा बुधाजी आचऱ्याच्या पुळणीवर जाळी सांधतो.
केंड्यांनी कुरतडलेली,
पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेली.
गाठ मारतो, दाताने दोरा तोडतो, बिडी पेटवतो,
आणि मी बघून तोंड फिरवून विझवतो.
त्या दिवशी म्हणाला,
जाळ्यात खरी ती भोकां, भावजी.
दोरो नुसतो तेंका धरून ठेवूक.

माझ्या आत दोरा तोडायला कोणी नाही.
प्लांट बंद होऊन चार वर्षं झाली,
चाळणी गंजली, तिच्यावर घोसाळ्याचा वेल चढला,
आत हाळी चालूच.
ते येतात, विणतात,
विणलेल्यावर विणतात.
जाळ्याचं तरट झालं आहे.
बाहेर समुद्रभर वारा,
माझ्या वाट्याला त्यातला चमचाभर.

अंतोनच्या महिन्याच्या मिसाला गेलो होतो.
देवळाच्या नऊ पायऱ्या.
पाचवीवर बसलो, तिथूनच ऐकलं.
त्याच्या पोराने मला पाव आणून दिला, हातात कोंबला,
काही बोलला नाही.

यंदा वहाणा यशवदा घेऊन गेली वर.
मी खळ्यात खुर्चीवर.
खरं तर दोन जोड घ्यायला हवे होते,
एक सड्यावरच्याचा.
दुसरा कुठे ठेवायचा ते सुचलं नाही.

रात्री आडवं होता येत नाही.
तीन उशांना टेकून बसतो,
आणि छातीत, डाव्या अंगाला, खाली,
काठी वाजते.
मी हळूच गाऱ्हाणं घालतो, यशवदा जागी होऊ नये असं:
बा म्हाराजा,
इतकी वर्सां राखण केलंस.
आता पुरो. जा घराक.

थांबते क्षणभर.
पण त्याला घर कुठलं, मी सोडून?
पुन्हा वाजते.

खोकला येतो. यशवदा जागीच होती.
उठून पाणी तापत ठेवते.