शब्दशः

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत, एसीच्या घरघरीखाली
मी उम्म सनदच्या पायांना तेल चोळते.
तिळाचं. खोबरेल तिला नको,
त्या वासाने तिला मुंबईहून येणारा
मोत्यांचा दलाल आठवतो म्हणे, आणि त्याची राहिलेली बाकी.

नात लुल्वाने उशाशी फोन ठेवलाय.
कॉलेजसाठी तिला वीस गाणी जमवायची आहेत
आणि प्रत्येक गाण्यापुढे दोन रकाने:
प्रतिमा कशाची. प्रेम कोणतं.

म्हातारी कवळी काढून ठेवते, घसा खाकरते, गाते:

खाऱ्याच्या तळाशी गोड तू,
श्वास धरून आलो गं,
पखाल भरून नेली.

लुल्वा लिहिते, समुद्र म्हणजे जग.
गोड पाणी म्हणजे प्रेयसी.
श्वास धरणं म्हणजे लोकांना न कळू देणं.
मला पटतं. मी मान डोलावते.

उम्म सनद हसते, इतकी हसते
की पाय सोडून मला तिची पाठ चोळावी लागते.
"अगं, पाणीच ते! प्यायचं पाणी!
समुद्राच्या पोटात झरे होते इथे.
सनदचा बाप कातडी पखाल घेऊन बुडी मारायचा,
तळाला तिचं तोंड सोडायचा,
भरली की आवळून वर.
पुढे ती माझ्या डोक्यावर, घरापर्यंत.
यात जग कुठून आलं?"

"म्हणजे आजोबांनी हे तुझ्यावर नव्हतं रचलं?"
"माझ्यावर? पोरांना तहान लागली होती."

लुल्वा खोडते. कागद फाटेल इतकं खोडते.
मग विचारते, आता आहेत का ते झरे?

एसी बराच वेळ बोलत राहतो.
"आटले.
सगळीकडे बोअर मारले, भराव टाकला, रस्ता झाला.
तोही गेला त्याच सुमाराला."
आणि पाय माझ्याकडे सरकवत,
"आता लिही हवं तर.
गोड पाणी म्हणजे तो."

मग माझी पाळी. तुमच्याकडचं गा, सिस्टर.
शिरोड्याच्या मिठागरात आई फळीने मीठ ओढायची,
तेव्हाचं मला एवढंच येतं:

आला भरतीचा पाहुणा, दिली बांधानं गं वाट
गेला उन्हाच्या मागुती, मागं पांढरं गं ताट

मोडक्या अरबीत मी समजावते,
पाहुणा म्हणजे बोटीवर गेलेला नवरा,
ताट म्हणजे त्याच्यासाठी वाढून ठेवलेलं,
कोणी न शिवलेलं.
पहिल्या वर्षी याच ओवीवर मी
हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये रडले होते,
तेही सांगते.

म्हातारी लक्ष देऊन ऐकते.
"अच्छा," म्हणते,
"तुमच्याकडे मीठ असं करतात होय."

दुसऱ्या दिवशी तेल चोळतानाच
घनश्यामचा फोन. गावची लाईट येते-जाते,
तो घाईत:
"औंदा बावीचा पाणी खारा लागता गो.
वरच्यावर अलगद काढला तर गोड येता.
ढवळला की सगळा खारट."
कट.

काय म्हणाला, उम्म सनद विचारते.
मी सांगते शब्दाला शब्द लावून,
विहीर, मीठ, वरचं गोड, हळू हात.
समुद्र आत शिरतोय आमच्याकडे,
दोन पंप बसले शेजारी, त्याचं हे.

तिने डोळे मिटलेत.
तिच्या ओठांवर काहीतरी हलतंय, ठेका असावा.
"तुमच्याकडे गोड वर असतं," ती म्हणते.
"आमच्याकडे खाली होतं."
मग, "कोणाचं गाणं हे?"

गाणं नाही, आजी. फोन होता. विहिरीचं सांगत होता.

"लुल्वा, लिही.
पुढची ओळ काय, सिस्टर?"

पुढे लाईट गेली.

लुल्वा पेन उघडून माझ्याकडे बघत राहते,
दोन्ही रकाने कोरे.
मी दुसरा पाय मांडीवर घेते.