सुईचे पैसे बाकी

टिरेल बेच्या काठावर, बर्फाच्या गोदामाला लागून
माझं शिवणयंत्र. एकतीस वर्षं झाली.
शिडं येतात आजाऱ्यासारखी
कुणाच्या तरी खांद्यावरून, मिठाने कडक झालेली.
मी विचारत नाही कसं फाटलं.
फाटलेलं स्वतःच सांगतं:
ही चीर घाईची,
ही शिवण उन्हाने कुजलेली,
आणि ही, नवराबायकोच्या भांडणात
दोघांनीही न सोडलेली दोरी.

मी स्वतः बोटीत बसले ती फेरीबोटीत,
ग्रेनाडाला, डॉक्टरकडे, समुद्राकडे पाठ करून.
बाबा विंडवर्ड गावात गलबतं बांधायचे.
लाकडाचा वास त्यांच्या झोपेलाही यायचा.
गलबत पाण्यात उतरायचं त्या दिवशी
आम्ही मुली चुलीपाशी, मटणाच्या पातेल्यांशी.
आम्हाला शिडाचं कापड आणि मेण लावलेला दोरा.
पुढचं पुरुष बघतील.

गिरेक आला डिसेंबरात.
सत्तरीचा, एकटा, ब्रिटनीकडचा.
बोटीवर नाव रंगवलेलं: देमँ.
अर्थ विचारला तर म्हणाला, उद्या.
तेव्हाच ओळखायला हवं होतं.
त्याचं मोठं शीड मी तिपदरी शिवण घालून जोडून दिलं
आणि त्याने खिसे उलटे करून दाखवले.
पैसे नाहीत, मादाम. बेटाला एक फेरी चालेल?

पहाटे निघालो.
सँडी आयलंडच्या आडोशाला पाणी इतकं निवळ
की नांगराआधी त्याची सावली तळाला पोचते.
भाड्याच्या पांढऱ्या बोटी, कठड्यांवर टॉवेल,
एका बोटीवर कुणी केस कापून घेत होतं.
मी ओळखीची शिडं मोजत होते, माणसं नव्हे.

उत्तरेचं टोक वळलं आणि वारा खरा लागला.
बोट कलली. मी पहिल्यांदा वर पाहिलं.
माझी शिवण तिथे, आभाळाच्या मधोमध,
ताणलेली, गप्प.
टेबलावर ती नुसती शिवण होती.
इथे तिच्यावर दोन माणसं आणि एक किटली लटकली होती.
गिरेकने सुकाणू माझ्या हाती दिलं
आणि पाव कापायला आत गेला,
जणू मी रोजचीच.

विंडवर्ड समोरून गेलं.
लाटा फुटतात त्या खडकांपलीकडे बाबांची शेड,
पत्रे वादळात गेलेले, नुसते वासे,
अर्धवट सोडलेल्या गलबतासारखे.
रडू येईल वाटलं होतं.
भूक लागली.

मग दक्षिणेचं टोक, मग आमची टेकडी,
टेकडीवर पिवळा ठिपका. माझं घर.
अंगणात दोरीवर चादरी,
अंधारात मीच वाळत घातलेल्या,
वाऱ्याने गच्च भरलेल्या,
आणि घर जागचं हलत नव्हतं.
क्षणभर वाटलं, ओरडून सांगावं कुणाला तरी,
अरे, दोरी सोडा!

संध्याकाळी त्याच्या बिलावर लिहिलं: पैसे पावले.
सही केली, थेओरा एनो.
मग पुन्हा पेन उघडलं, खाली बारीक अक्षरात:
सुया दोन मोडल्या, त्यांचे बाकी.
आता येऊ दे त्याला, उद्या.