साधनाची अवस्था

मी मोजायला आले होते.
लिलाँग्वेहून निघताना पिशवीत चाळीस कोरे तक्ते,
दोन पेनं, एक स्टॉपवॉच
आणि तिघांनी मिळून घासूनपुसून लिहिलेला एक प्रश्न:
बाहुलीवर शिकलेलं
बाळापर्यंत पोचतं का?

बाहुली रबराची. पोटात कोमट पाणी भरलं
की भरते तीन किलोला थोडी कमी,
हात काढला की मान लुळी पडते, थेट खऱ्यासारखी.
मार्चमध्ये इथल्या अकरा सुइणींना शिकवलं होतं:
पुसा, चोळा, हनुवटी उचला,
मुखवटा नाकातोंडावर घट्ट, आणि पिशवी दाबा.
मिनिटाच्या आत.
दहा जणींना नव्वदच्या वर गुण.
एनेलेस न्यिरेंडाला एकसष्ट.
शेरा: बाहुलीशी बोलते. वेळ जातो.

आता सप्टेंबर. सरोवरावरून वारा,
वाळत घातलेल्या उसीपा मासळीचा वास
प्रसूतिगृहाच्या खिडकीतून आत, बाहेर, पुन्हा आत.
नोंदवही उघडली.
आधीचे सहा महिने, नंतरचे सहा.
मृत्यू कमी झालेत, पण थोडेच,
इतके थोडे, की यात बाहुलीचा हात किती
आणि मे महिन्यात दुरुस्त होऊन आलेल्या ॲम्ब्युलन्सचा किती
हे देवालाही सांगता यायचं नाही.

बाहुली कुठाय?
नियमानं ती कुलपात हवी.
एनेलेसनं ती ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून काढली,
जुन्या चितेंजेत गुंडाळलेली.
"किल्ली मेट्रनकडं, आणि मेट्रन झोपलेली.
रात्रपाळीला लागण्याआधी
एकेक मिनिट घेतो आम्ही."

मग मी न विचारताच
जूनमधली एक रात्र सांगितली तिनं.
वीज गेलेली. मोबाइल दातांत धरून उजेड.
पुसलं, चोळलं, हनुवटी उचलली,
चाळिसाव्या सेकंदाला पहिला श्वास दिला.
"सगळं बरोबर केलं.
वीस मिनिटं बरोबर करत राहिले."
बाळाची आजी भिंतीकडं तोंड करून उभी होती म्हणे.
"बाहुली असती, तर शेवटी तुम्ही
फुगा दाबून तिला रडवलं असतं."

माझ्या तक्त्यात त्या रात्रीसाठी
एक चौकोन होता, नखाएवढा.

बाहुली हातात घेतली.
हनुवटीखाली, जिथं बोटं टेकतात,
रबर झिजून कापडासारखं मऊ.
नाकाचा उंचवटा गेलेला. डोळे पुसट.
छातीवर शिवण, टाक्याच्या धाग्यानं घातलेली, नेटकी.
अकरा जणींच्या बोटांनी
एक चेहरा खाऊन टाकला होता.

शेवटच्या पानावर रकाना:
साधनाची अवस्था.
चांगली, बरी, निकामी. एकावर खूण करा.

पेन धरून बसले बराच वेळ.
बाहेर पाळी बदलत होती.
एक नवीनच पोरगी, मार्चमध्ये नसलेली,
ओल्या हातांनी आत आली,
माझ्याकडं न बघता बाहुली उचलली
आणि मान सावरता सावरता
हळू आवाजात तिच्याशी बोलू लागली.

माझी बोटं पिशवीत, स्टॉपवॉचवर.
तिथंच राहिली.