वाऱ्याचे तीन टक्के

बडोद्याला समुद्र नाही.
दांडिया बाजारात आमच्या तिसऱ्या मजल्यावर
एसी गळतो, खाली बादली ठेवली आहे,
तेवढंच पाणी.
तरी रोज साडेदहाला
मी एक जहाज फोडते.

दहेज बंदराच्या बाहेर, अक्षांश-रेखांश टंकून,
दोनशे टन जड तेल,
भरती लागायच्या तासाला.
दहा हजार ठिपके पाण्यावर सोडते
आणि चहा सांगायला जाते.

तेल प्रवाहाबरोबर जातं, हे कुणालाही कळेल.
पण ते वाऱ्याचंही ऐकतं,
शंभरातलं तीन.
गुप्ते सर म्हणतात, सुनेसारखं:
सगळं सासरच्या रीतीनं, तीन टक्के माहेरचं.
पूर्वी मी हसायचे.

चहा येईतो वीस वर्षांचे वारे वाहून होतात.
एका मार्चात ठिपके आखाताच्या तोंडाशीच घुटमळतात,
एका जुलैत रातोरात काठ गाठतात.
काठाला लागलेला ठिपका तिथेच थांबतो.
पुढे त्याचं काय, हे आमच्या गणितात नाही.
किनाऱ्याचे पाच-पाच किलोमीटरचे तुकडे;
तुकडा सदतीस: अकरा टक्के.
अकरा म्हणजे पिवळा.
पिवळ्याला अहवालात एक ओळ मिळते.

फेब्रुवारीत सदतीसवर गेले, नवे गमबूट घालून.
ओहोटीनं समुद्र इतका मागे नेलेला
की तो आहे हे ऐकूनच मानायचं.
खुंटांना जाळी, आणि मांडीभर चिखलातून
जशीबेन कोळंबीची टोपली घेऊन येत होती.
पाय उपसला की आवाज व्हायचा,
बाटलीचं बूच निघावं तसा.
तिला माझ्या बडोदी गुजरातीत समजावलं:
शंभर जहाजं फुटली
तर अकरांचं तेल इथवर.
तिनं टोपली या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.
"आणि आलं त्या दिवशी
माझ्या पायांना किती टक्के?"

अकराचे बारा करता येत नाहीत.
रंग पिवळाच राहिला.
फक्त त्या एका ओळीखाली मी दुसरी लिहिली:
ओहोटीच्या वेळी इथे माणसं असतात.

सरांनी ती खोडली नाही.
समासात पेन्सिलीनं विचारलं,
किती?

गमबूट अजून बादलीशेजारी आहेत.
चिखल वाळून राखाडी झाला आहे,
झाडणाऱ्या मावशी विचारतात, काढू का.