तेवीस किलो

साडेसहाला फॅक्टरीचं शटर अर्धं ओढतो.
त्यानंतर माझ्या काट्यावर काजू नसतात, बॅगा असतात.
वेंगुर्ल्यात एवढा मोठा काटा आणखी एकच, बंदरावर,
पण त्याला बांगड्याचा वास,
आणि मस्कतला कोणी बांगड्याचा वास घेऊन उतरत नाही,
निदान बॅगेच्या बाहेरून तरी.

धुरी टेलरची टेप माझ्याच खणात राहिली आहे.
पंचावन्न, पस्तीस, पंचवीस.
चाकं धरायची, दांडाही धरायचा,
हे मी आता सरकारी मोजणीदाराच्या थाटात सांगतो.
मी, जो चिपीपर्यंतच गेलोय
आणि तेही कुंपणाबाहेरून विमान बघायला.

आज शालन गिरप आली, लेकीला घेऊन.
मिताली, नर्स. पहाटे मोप्याहून उड्डाण.
बॅग जांभळी, कडक पाठीची, सावंतवाडीहून आणलेली.
रिकामीच चार किलो नऊशे.
"मगे आमी भरूचा तरी काय?" शालन म्हणाली. "वारो?"

काट्याशेजारी जमिनीवर बाजार मांडला दोघींनी.
कुळथाची पिठी, सुकी सोलं,
आगळ, एकात एक तीन पिशव्यांत,
पांढरे बूट, दोन गणवेश,
आणि पितळी परातीच्या आकाराएवढा हट्ट:
आडाळो.
"थंय नारळ कशान किसशीत?"
"आई, थंय किसलेलो मेळता."
आडाळो दोन किलो दोनशे. निघाला.
सर्टिफिकेटांची फाईल हातातल्या बॅगेत गेली.
मिताली काढी, शालन भरी,
लाल आकडे पंचविसावरून हलेनात,
मग हलले,
मग एकदाचे थांबले. तेवीस. पुढे दोन शून्यं.
शालनने काट्याला हात जोडले. खरंच जोडले.

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.
विमानतळावर कोण येणार होतं माझं नाव घेऊन?

"सातशे ग्रॅम अजून काढा."
"कित्याक? बरोब्बर तेवीस दाखवता मा?"
"तिथला काटा वेगळा असतो."
"वेगळो म्हंजे?"
मी टेप गुंडाळली, परत उलगडली.
"शालनबाय, ह्यो कमी दाखवता.
दहा किलोमागे तीनशे."

पंखा फिरत होता.
ह्याच काट्यावर सहा वर्षं ती सोललेले गर ठेवते,
दिवसाला दहा किलो, कधी थोडे वर.
आकडा मी वाचतो. वहीत मी लिहितो.
मालकाच्या भाच्याने बटणं दाबून दाबून काट्याला शिकवलं
त्या दुपारी चहा मीच आणला होता,
आणि एक कप मीही प्यायलो.

ती काही बोलली नाही.
मितालीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग मोबाईलमध्ये बघत राहिली.
डिकाने काळी पडलेली बोटं चेनीवरून फिरली.
पिठीची पुडी बाहेर आली, आत गेली.
सोलं बाहेर आली.
शालनने ती तळहातावर घेतली,
दोन चिमटी परत बॅगेत टाकली,
बाकीची माझ्या टेबलावर ठेवली.
काट्यावर नाही. टेबलावर.
"सातशे," ती म्हणाली.

सकाळी मितालीचा फोन आला होता म्हणे,
काऊंटरवर बावीस, नऊशे ऐंशी.
हे मला शालनने सांगितलं नाही,
धुरी टेलरने सांगितलं, टेप न्यायला आला तेव्हा.

सोमवारी संध्याकाळची रांग.
शालनची पाळी आली.
टोपली काट्यावर ठेवण्याआधी
तिने ती क्षणभर हातांतच धरली,
मागे तीस बायका, सगळ्या एकाएकी गप्प.
"दहा, तीनशे," ती म्हणाली. मग ठेवली.
काटा म्हणाला, नऊ नव्व्याण्णव.

मी वही उघडली.
पेनचं टोपण काढायला मला बराच वेळ लागला.