जवळच्या शंभरात

प्रश्न मंगळवारी आला.
क्रमांक पाच आकडी, खाली उत्तराची मुदत:
गुरुवार, दुपारी बाराच्या आत.
टीस नदीच्या मुखाशी असलेल्या मतदारसंघाच्या
सन्माननीय सदस्या विचारतात,
वेल्डिंगच्या उमेदवारीला किती जण लागले
आणि किती जणांची ती मध्येच सुटली,
कारणांसह.
(उमेदवारी त्यांनीही केलेली. दोनदा पडल्या.
तिसऱ्यांदा दारोदार फिरताना
एका दारात कुत्रा चावला, ते मत मिळालं म्हणतात.)

मी मंत्री नाही.
मंत्र्यांच्या तोंडचे शब्द लिहिणारा हात मी,
जो दुपारी पार्कातल्या बाकावर
बदकांच्या देखरेखीखाली सँडविच धरतो.
अकरा वर्षं झाली.
शिंप्याकडे बटणांचा असतो
तसा माझ्याकडे वाक्यांचा डबा आहे.
त्यातलं सगळ्यात झिजलेलं बटण:
ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही.
कुठल्याही काजात बसतं.

या वेळी प्रश्नासोबत चुकून
एक कागद आला, वहीतून फाडलेला.
केझिया रडॉक, वय एकोणीस.
अकराव्या महिन्यात वर्कशॉपला कुलूप लागलं.
कॉलेज म्हणालं, दुसरा मालक शोध.
दुसरा मालक नदीपलीकडे.
पहिली बस सात पन्नासला, शिफ्ट सातची.
बसचं विचारलं तर वाहतूक खातं म्हणतं
कौशल्य खात्याला विचारा.

कौशल्य खातं म्हणजे मी.
मला कोणी काही विचारलं नव्हतं.

नियमात बसत नव्हतं, तरी फोन लावला.
कॉलेजच्या रिसेप्शनवर मिसेस थ्वेट.
"थांबा, मोजून येते."
रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज,
पावलं, एक दार,
मग बराच वेळ नुसती
कुठल्याशा हीटरची घरघर.
"चौदा," परत येऊन म्हणाल्या.
"ओव्हरऑल अजून खुंट्यांवर आहेत.
नावं शिवलेली. न्यायला कोणी येत नाही."

म्हणजे माहिती ठेवलेली होती.
केंद्रात नव्हती एवढंच.
खुंटीला टांगायचं म्हटलं
तर तेही आधीच झालेलं.

मसुद्यात मी लिहिलं: चौदा.
अक्षरी.
वरच्या मजल्यावर प्रिसिला ऑर्डने
चष्मा कपाळावर सरकवला.
ती वाईट बाई नाही. माझ्या वडिलांच्या दफनाला
तीन तास गाडी चालवत आली होती,
पावात घालायला स्वतः केलेलं लोणचं घेऊन.
"आकडे आपण जवळच्या शंभरात देतो," म्हणाली.
"व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून."

मी गणित केलं.
चौदा, जवळच्या शंभरात:
शून्य.

गुरुवारी अकरा चाळीसला
उत्तर पटलावर ठेवलं गेलं, तळटीपेसह.
कोणीही खोटं बोललं नाही.
रात्री भांडी विसळताना
मी घर मोजून पाहिलं, त्याच पद्धतीनं.
चमचे: शून्य.
बायको: शून्य.
मी

पुढच्या मंगळवारी पुन्हा त्याच सदस्या.
मागील उत्तरात दिलेल्या शून्यामध्ये
एकूण किती व्यक्ती आहेत,
हे मंत्रिमहोदय सांगतील काय?

प्रिसिला हसली, मग हसायची थांबली.
डब्यात हात घातला.
या काजाचं बटण नव्हतं.

पुन्हा फोन. पुन्हा हीटर.
या वेळी मिसेस थ्वेटना उशीर लागला,
दोनदा मोजलं म्हणाल्या.
"तेरा."
"तेरा?"
"एक काल घेऊन गेली. रडॉकची मुलगी."
"काम मिळालं का तिला?"
"मीही तेच विचारलं. नाही म्हणाली.
खिसे चांगले आहेत म्हणाली याचे."