गांडूळ

मे महिन्यात, बारा ते चार,
सावद्यात कुणी फॉल-पिकोला साडी घेऊन येत नाही.
रस्त्याचं डांबर चपला धरून ठेवतं.
पंखा गरम हवाच फिरवत राहतो
आणि मशीन मोकळं.

हेमंतचा शाळेतला स्वेटर उसवला होता,
मरून, कोपरांशी विरलेला.
लोकर वाफेवर धरली तरी सरळ होईना.
इतकी वर्षं विणीत राहिलेली,
तिला वळणं पाठ.

ती कापडावर मांडायची
आणि वरून झिगझॅग मारायची, एवढंच मनात.
पहिल्याच टाक्याला सुई लोकरीच्या पोटात गेली.
तंतू फाटले, खाली गोळा झाला,
बॉबीन अडकली.
मी मशीनला काय बोलले ते इथे नको.

मग बॉलपेनची नळी कापली, पेराएवढी,
मशीनच्या पायापुढे टेपने चिकटवली,
लोकर तिच्यातून ओवली.
बॉबीनच्या पेटीचा स्क्रू पाव फेरा सैल.
आता सुई लोकरीच्या डाव्या अंगाला,
उजव्या अंगाला,
शहाण्या शेजारणीसारखी
दोन्ही घरी जाते,
आत काय शिजतंय विचारत नाही.

कापड चुण्या घ्यायला लागलं
तेव्हा खाली कालचा पेपर धरला,
आतलं पान, केळीच्या भावांचं.

काढायचं होतं केळीचं पान,
मधली शीर ताठ.
सुई खाली रुतवून मगच कापड वळवायचं
हे हाताला उशिरा कळलं.
तोवर शीर दोनदा वाकली
आणि टोक भलतीकडेच गेलं.

चार वाजता लीलावंती भारंबे आल्या,
ब्लाउजच्या हुकांसाठी.
चष्मा कपाळावर, कापड उजेडाला धरलं.
"काय वं बाई हे, गांडूळ?"
म्हटलं, गांडूळच.
"चांगलं असतं जमिनीला,"
त्या म्हणाल्या, आणि हुक मोजून घेतले.

त्या गेल्यावर मागचा कागद ओरबाडला.
टाक्यांत अडकलेला निघेना:
रावेर, दोन शून्यं, क्विंटल.
नखाने काढलं, मग चिमट्याने.
क्विंटल राहू दिला.

लोकर कडेच्या चार बोटं अलीकडेच संपली.
रात्री हेमंतला चाकणला फोन लावला.
तुझा तो दुसरा स्वेटर आहे का रे, निळा,
की टाकलास?
मागे कंपनीची बस हॉर्न देत होती.
तो म्हणाला,
कुठला निळा?